आप्पांची खुशाली

आमच्या नात्यात अजूनही सांगतात, की तो महिना आमच्या घराला फार लाभला. बाबा एकतीस वर्षांची कारकुनी संपवून, गळ्यात हार आणि हातात पितळी समई घेऊन घरी आले. दादाचं लग्न झालं. नव्या सुनेला घेऊन आम्ही सगळे गोव्याला कुलदेवीच्या पाया पडून आलो आणि वाटेत गाडीच्या खिडकीतून दूधसागर पाहिला. त्याचे फोटो आहेत, आणि फोटोंत आई जिथे तिथे हसते आहे. ते हसू माझ्या खोटेपणाचं आहे, म्हणून त्या अल्बमला हात लावायला मला आवडत नाही. परवा दादाची मुलगी हिंजवडीहून ऑफिस सुटल्यावर थेट माझ्याकडे वारज्याला आली. "आत्या, तो अल्बम दे ना, सगळे फोटो स्कॅन करून ग्रुपवर टाकते," म्हणाली. मी तिला तो सापडत नाही म्हणून सांगितलं. अल्बम पलंगाखालच्या पेटीत होता. खोटं बोलायची मला जुनी सवय आहे, आणि ती कशी लागली तेवढंच इथे लिहायचं आहे.

तेव्हा आम्ही शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वर तीन खोल्यांत राहत होतो. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि दुपारी ते बंद झालं की घरात कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं वाटायचं. घरावर राज्य होतं माझ्या आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. आईला या घरात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण चहात साखर किती घालायची हे अजून आत्याच ठरवत असे. तिला रक्तदाबाचा त्रास होता. तो खरा होता, हे मी नाकारत नाही. फक्त तो चढायचा तिच्या सोयीने. बाबा स्वभावाने अगदी गरीब. कचेरीत काय आणि घरात काय, वरून मंजुरी आली की त्यांचं मन शांत होत असे. घरात वर म्हणजे आत्या.

महिन्याच्या सुरुवातीला मिरजेहून पत्र आलं, की आप्पांना अर्धांगाचा झटका आला आहे. आप्पा म्हणजे आईचे वडील. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांची उजवी बाजूच गेली होती. आईने पत्र दोनदा वाचलं, पदराने चष्मा पुसला आणि बाबांना म्हणाली, "अहो, मी एक रात्र जाऊन येते. एकदा डोळ्यांनी बघते फक्त." पण त्या आठवड्यात बाबांचा निरोपसमारंभ होता आणि पत्नीने शेजारी बसायचं होतं. पुढच्या आठवड्यात केळवणं सुरू झाली. वरमाईवाचून केळवण कसं व्हायचं? तिसऱ्या आठवड्यात तिने पिशवी भरून दाराशी ठेवली, तर आत्याला गरगरायला लागलं. "जा ना गं सुमन, जा. मी पडले तर पडले. मांडवातली पाहुणी मंडळी उचलतील मला," असं आत्या डोळे मिटून म्हणाली. आईने पिशवी रिकामी केली. दादाची रजा एका महिन्याची होती, तो दूर भिलाईला नोकरीला होता, आणि पुढे पौष लागत होता. त्यामुळे लग्न हलणार नव्हतं आणि आईही हलणार नव्हती. ती मग रोज आप्पांची खुशाली विचारायची. ती आणून देण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण फोन खाली छापखान्यात होता आणि जिने उतरायला मी सोळा वर्षांची होते.

छापखान्याचे मालक गोरेकाका. त्यांनी फोनवर पुठ्ठ्याची पाटी लावली होती: "हा फोन आजारपण व मृत्यू यांसाठीच आहे. गप्पांसाठी कट्टा बाहेर आहे." वसंतमामा, आईचा धाकटा भाऊ, मिरजेहून ट्रंककॉल लावायचा. गोरेकाका जिन्याखालून ओरडायचे, "वरचे! मिरज!" आणि मी धावत जायचे. त्यांच्याबद्दल मला राग नाही. त्या महिन्यात माझ्याशी खरं बोललेला तो एकच माणूस होता.

लग्नाच्या दोन दिवस आधी घरी चुडा भरायला कासार आला होता. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, हिरव्या बांगड्यांचे झुबके सतरंजीवर पसरले होते, स्वयंपाकघरात चिरोटे तळत होते आणि तुपाचा वास थेट जिन्यापर्यंत येत होता. तेवढ्यात खालून हाक आली. फोनवर मामाचा आवाज कोरडा होता. "शोभा, आप्पा गेले. सकाळी सातला. अक्काला लगेच पाठव. आम्ही चारपर्यंत थांबतो." एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. मी वर आले. आईचा हात कासाराच्या हातात होता, तो मनगट दाबून बांगडी चढवत होता, आणि आई कळ लागून हसत होती. महिन्याभरात तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. खरं तर तीन पावलं पुढे जाऊन तिच्या कानात सांगायचं होतं, एवढंच. पण आत्याने माझा चेहरा पाहिला आणि दंड धरून मला मोरीत नेलं. मी तिला सगळं सांगितलं. आईची गोष्ट मी आईच्या आधी आत्याला सांगितली, हा माझा पहिला गुन्हा.

आत्या नळ सोडून, पाण्याच्या आवाजात बोलली. "उद्या देवक बसायचंय. हिला आत्ता कळलं तर तीन दिवसांचं सुतक. म्हणजे लग्न गेलं. त्या मुलीच्या बापाने हॉल घेतलाय, पत्रिका वाटल्यात. तुला करवली व्हायचंय ना?" मला व्हायचं होतं. जन्मातली पहिली जरीची साडी कपाटात होती आणि मी ती रोज उघडून बघत होते. मी मान हलवली. आत्याने बाबांना गुरुजींकडे पिटाळलं. बाबा तासाभराने मंजुरी घेऊन आले. गुरुजी म्हणाले होते, की ज्याच्या कानावरच गेलं नाही, त्याला सुतक नाही. कळेल तेव्हापासून धरायचं. जावयाचं काय, आंघोळ केली की मोकळा. आणि एकदा देवक बसलं की मग काहीच बाधत नाही. बाबांनी भर दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ केली. आईने विचारलं तर म्हणाले, "उकडतंय." डिसेंबर होता. मग ते मामाला फोन करायला खाली गेले. मलाही सगळं ऐकू आलेलं होतं, मग मला सुतक होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. ऐनवेळी दुसरी करवली कुठून आणणार?

संध्याकाळी आई मला म्हणाली, "जा गं, मिरजेला फोन लावून बघ. आज काही कळलं नाही." मी खाली गेले. फोन उचलला नाही. दहा मिनिटं यंत्राशेजारी उभी राहून कागदांवर अक्षरं उमटताना बघत राहिले. गोरेकाका चष्म्यावरून बघत होते. मी निघाले तेव्हा म्हणाले, "झालं बोलणं? छान. फोनला हात न लावता होतं हल्ली, सोय झाली आहे." मी वर जाऊन आईला सांगितलं, की आप्पा बरे आहेत. ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. पेज घेतली. कुशीवर वळले. आणि मग, तिचा चेहरा उजळत चालला होता म्हणून, आणखी एक: उजव्या हातात चमचा धरायला लागले आहेत. आईने देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूट माझ्या तोंडात घातली. "किती दिवसांनी गोड बातमी आणलीस," म्हणाली. ती साखर मी खाल्ली. त्या वेळी मिरजेच्या घाटावर आप्पांची चिता जळत असेल.

शास्त्राची अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी देवक बसलं तेव्हाच संपली होती. त्यानंतर आईला सांगता आलं असतं. पण आत्या म्हणाली, "रडकी वरमाई उभी करता का मांडवात?" लग्नानंतर म्हणाली, "सत्यनारायण होऊ दे, सूनबाई नवीन आहे." सत्यनारायणानंतर म्हणाली, "आता कुलदेवीचा अभिषेक तेवढा उरलाय. येताना मिरजेला उतरू, तिथे आपोआपच कळेल." दहा-अकरा दिवस असे आमचे आम्हीच काढले, त्यात देवाधर्माचा काही संबंध नव्हता. दादाच्या पाठीशी मंडपात मामाने उभं राहायचं असतं, तिथे आत्याचा चुलतदीर उभा राहिला. आई प्रत्येकाला हात जोडून सांगत होती, "माझे वडील आता सुधारतायत, भावाला त्यांच्यापाशीच राहावं लागलं, गैरसमज नसावा." मी तिच्या शेजारी करा-दिवा घेऊन उभी होते आणि मला आपण सुंदर दिसतो आहोत असं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटत होतं खरं.

आता माझ्या घरात तीन माणसं आणि चार फोन आहेत. कुणी गेलं तर स्मशानात पोहोचायच्या आत सव्वाशे लोकांचे जोडलेले हात पडद्यावर येतात. भाची म्हणते, "आत्या, तुमच्या काळात बरं होतं, शांतता होती." होती खरी. माणूस दाबून टाकता येण्याइतकी शांतता होती.

गोव्याला जायचं तर तेव्हा मिरजेला गाडी बदलावी लागे. पुण्याची मोठी गाडी तिथे सोडायची आणि लोंढ्याकडे जाणाऱ्या लहान गाडीत बसायचं. आईने आप्पांसाठी चिरोट्यांचा डबा वेगळा भरला होता. साखर कमी, कारण त्यांना आता सोसणार नाही. सकाळी सहाच्या सुमाराला गाडी मिरजेत शिरली तेव्हा ती केस विंचरून, इरकली नेसून, डबा घेऊन दारात उभी होती. बाबा म्हणाले, "अगं, पुढची गाडी लगेच आहे." नेमकी ती गाडी दीड तास उशिरा असल्याचं फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. आईने ते आमच्या आधी वाचलं. "दीड तास आहे! टांग्याने दहा मिनिटं. नुसतं बघून येते. अहो, नुसतं बघून." बाबा सामान मोजायला लागले. आत्या वळकटीवर बसली आणि तिने कपाळाला हात लावला. आईने डबा खाली ठेवून पदराने तिला वारा घातला, पण नजर स्टेशनच्या दाराकडे होती. बाहेर टांगेवाले ओरडत होते. दादा आणि नवी वहिनी, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते चहा आणायला गेले होते. दादा असता तर त्याने आईला नेलं असतं आणि सगळं तिथेच फुटलं असतं.

"वन्सं, शोभा आहे तुमच्याजवळ," आई म्हणाली आणि उठली. आत्याने डोळे उघडून बाबांकडे पाहिलं, बाबांनी रुळांकडे. आणि मग मी बोलले. मला कुणी सांगितलं नव्हतं, खुणावलंही नव्हतं. "आई, आत्ता आप्पा झोपले असतील गं," मी म्हटलं. "तू अशी अचानक गेलीस तर दचकतील. येताना आपण दोन दिवस राहू ना." आई थांबली. "हो गं," म्हणाली, "झटक्याच्या माणसाला दचकवू नये म्हणतात." आणि वळकटीवर आत्याशेजारी बसली. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या घरात आत्याने मला दिलेली ती पहिली शाबासकी.

कॅसलरॉक गेल्यावर घाट सुरू झाला. गाडी इतकी हळू जात होती की झाडांची पानं मोजता आली असती. बोगदा आला की पोरं ओरडायची, बोगदा संपला की खाली हिरवी दरी उघडायची आणि सगळे एका बाजूला धावायचे. दूधसागर आला तेव्हा आई खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. पाणी डिसेंबरात थोडं कमी असलं तरी कड्यावरून पायरीपायरीने उतरत रुळांच्या पुलाखालून जात होतं, आणि तुषार डब्यात येत होते. "शोभा, नीट बघून ठेव," आई म्हणाली. "किती टप्पे आहेत, उजेड कुठून पडतो. आप्पा विचारतील. आता चमचा धरतायत म्हणजे पेन्सिलही धरतील." मी टप्पे मोजले. मला तो धबधबा इतका किळसवाणा वाटला, की पुढे नवऱ्याने, मुलांनी किती आग्रह केला तरी मी त्या वाटेला परत गेले नाही. मागे आत्याने आईच्या पिशवीतून डबा काढला होता. "येईपर्यंत वास येईल याला," म्हणत तिने चिरोटे सगळ्या डब्यात वाटले. समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाने दोन खाल्ले आणि साखर कमी आहे म्हणाला.

अभिषेक झाला, ओटी भरली, फोटो काढले. चौथ्या दिवशी परत मिरज आलं. बाबांनी गोव्याहून मामाला तार केलेली होती. गाडी थांबायच्या आतच आईला मामा दिसला. त्याने टोपी घातली होती, पण टोपीखाली, कानामागे, केस नव्हते. मिशाही नव्हत्या. आईचा एक पाय डब्याच्या पायरीवर आणि एक फलाटावर होता. ती तशीच राहिली. मामाने तिला हात दिला नाही.

"आलीस?" मामा म्हणाला. "झालं तुझं लग्नकार्य? सगळं यथासांग?"

आईची नजर त्याच्या टोपीखाली, कानामागे होती.

"चार म्हटलं होतं, तरी येशील म्हणून आम्ही सहापर्यंत थांबलो. भटजी ओरडायला लागले. तुझे यजमान फोनवर म्हणाले, तिला सांगितलंय, पण तिला लग्न सोडून येता येत नाही. बरोबरच आहे. लग्न काय रोज होतं? बाप तरी कुठे रोज मरतो म्हणा. दहाव्याला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा करून शिववला."

बाबांनी मामाला असं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, मिरजेचे लोकही आमच्या खोट्यात सामील आहेत. आईने वळून बाबांकडे पाहिलं. बाबा हमालाशी बोलत होते. तिने आत्याकडे पाहिलं, मग दादाच्या शेजारी उभ्या असलेल्या, तोंडावर हात ठेवलेल्या नव्या सुनेकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. माझ्याकडे ती फार वेळ बघत राहिली. एक वाक्य बोलून ती स्वतःला सोडवू शकली असती. पण ते वाक्य नवऱ्याला आणि मुलीला उघडं पाडणारं होतं, आणि नवी सून ऐकत होती.

"हो," ती मामाला म्हणाली. "यथासांग झालं."

आणि ती दुसरा पाय फलाटावर ठेवून, पदर डोक्यावर घेऊन, मामाच्या मागे टांग्याकडे चालायला लागली. मामा मरेपर्यंत तिच्याशी धड बोलला नाही, आणि मरेपर्यंत तिने त्याला खरं सांगितलं नाही.

घरी आल्यावर आईने मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती पूर्वीसारखीच वेणी घालायची, ताट वाढून ठेवायची. पुढे माझी दोन बाळंतपणं तिने केली, रात्र रात्र माझी मुलं मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या पाया पडून सगळं कबूल करायचं किती वेळा ठरवलं. पण ती इतकी चांगली वागत होती, की मला वाटलं, विसरली. आणि विसरलेल्याला कशाला खपली काढून दाखवा? मला हवं तेच मी मानून घेतलं. आत्या गेली, शनिवार पेठेतली जागा सोडून आई-बाबा वारज्याला माझ्याकडे राहायला आले, आणि एका सकाळी दवाखान्यात बाबा वारले. मी एकटीच त्यांच्याजवळ होते. आई घरी होती. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नव्हता. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावला. तिनेच उचलला.

"आई," मी म्हटलं, "बाबा गेले गं."

मी पुन्हा म्हटलं. मग आई अगदी शांतपणे, भाजीवाल्याला भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली,

"तिथे दुसरं कोण आहे?"

"सिस्टर आहेत."

"त्यांना दे फोन."

मी फोन सिस्टरच्या हातात दिला. ती वर्ध्याकडची तरुण मुलगी होती, आम्हाला दोन दिवसांपासून ओळखत होती. तिने माझ्याकडे गोंधळून पाहिलं आणि म्हणाली, "हो जी आजी. खरंच गेले जी ते. आत्ताच." तेव्हा कुठे पलीकडून आईचं रडणं ऐकू आलं.